सहकुटुंब, सहपरिवार, प्रति पाकीट

लग्नाची पत्रिका कोणीही वाचत नाही. हे नागपुरातल्या प्रत्येक वधूपित्याला ठाऊक असतं, आणि तरी तो गांधीबागेतल्या एखाद्या दुकानात मांडी घालून अख्खी दुपार नमुने चाळतो. गणपती उजव्या सोंडेचा की डाव्या, गोंडा सोनेरी की लाल, कागद वासाचा की नुसता जाड. लोकांना पत्रिकेतून तीनच गोष्टी हव्या असतात: तारीख, लॉन कोणतं आणि जेवण कितीला सुरू. त्या तिन्ही व्हॉट्सअॅपवर आधीच येऊन पडलेल्या असतात.

पाकीट मात्र वाचतात. चष्मा शोधून वाचतात. नुसतं ‘श्री.’ आहे की ‘श्रीमान’, शेजारी ‘सौ.’ आहे का, ‘सहपरिवार’ लिहिलं की राहिलं, याचा पंचनामा दारातच उभ्याउभ्या होतो. त्यावरूनच परतीच्या पाकिटात किती घालायचे तेही ठरतं. एकशे एक आणि पाचशे एक यांच्यातलं अंतर पुष्कळदा एका ‘सहपरिवार’एवढंच असतं.

त्यामुळे आमच्या भाचीच्या लग्नात पाकिटांवरची नावं कॅलिग्राफरकडून लिहून घ्यायची असं ठरलं, तेव्हा मला ते चोचले वाटले नाहीत. चोचले वाटले ते भाऊजींना. कल्पना भाचीच्या होणाऱ्या नणंदेची, आणि नणंद न्यू जर्सीत. तिनं व्हिडिओ कॉलवर समजावलं की तिकडे जुन्या रीतीनं करायचं म्हणजे दोन पाकिटं असतात. बाहेरच्यावर पूर्ण नाव आणि पत्ता, आतल्यावर फक्त ज्यांना बोलावलं त्यांची नावं. मुलांचं नाव आत नसेल तर मुलं आणायची नाहीत.

“पाकिटात पाकीट,” भाऊजी म्हणाले, “आणि दोन्हीत पैसे नाही?”

खरी गंमत पुढेच होती. तिकडे दुसरं पाकीट माणसं मोजायला असतं. आपल्याकडे ‘सहकुटुंब, सहपरिवार, इष्टमित्रांसह’ लिहायचं आणि आचाऱ्याला वरून आणखी शंभर पानं सांगून ठेवायची, हा हिशेब. त्या पद्धतीनं नागपुरात कुणी आतलं पाकीट लिहिलं, तर लग्न होईल, पण पुढच्या पिढीतल्या सोयरिकी बंद पडतील.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. महालात, धरमपेठेत, सक्करदऱ्यात, प्रत्येक गल्लीत एक सुंदर अक्षराचा माणूस राहत असे. बहुधा ड्रॉइंगमास्तर, नाही तर बँकेतले हेडकॅशियर. इंटरमीजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत अक्षरलेखनही असे, आणि त्यात मिळालेली ‘ए’ ग्रेड हा माणूस चाळीस वर्षं फुकट राबवायला पुरेशी समजली जाई. लग्न ठरलं की त्याच्याकडे पाकिटांचा गठ्ठा पोचता व्हायचा. दौत त्याची, बोरू त्याचा, शाई त्याची. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये घोडा छाप शाई काढली आणि तिचंच पुढे कॅम्लिन झालं. त्यातली किती शाई विदर्भातल्या लग्नांच्या पाकिटांवर खर्ची पडली असेल याचा अंदाज त्यांनाही नसावा. मोबदला म्हणजे तर्री-पोहे आणि “मास्तर, तुमच्याशिवाय होते का?” हे वाक्य.

या मास्तरांना मतं असत, एवढीच अडचण. यादीत ‘श्री.’ लिहिलेलं असलं तरी माणूस मोठा वाटला तर ते परस्पर ‘श्रीमंत’ करून टाकत. ज्यांच्याशी त्यांचं नळाच्या पाण्यावरून वाजलेलं असे, त्यांच्या आडनावातली वेलांटी हमखास चुके. पाकीट हातात पडल्यावर त्या माणसाला कळे की ही चूक यजमानाची नव्हे, आणि तो पुन्हा नळावर जाऊन हिशेब चुकता करी.

मग कॉम्प्युटर आला आणि स्टिकर आले. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फाँट विंडोजसोबत घरोघर पोचला. अक्षर चांगलं, वाचायला स्वच्छ, वाद नाही. पण ज्या वळणात पाणीपट्टीचं परिपत्रक येतं त्याच वळणात आमंत्रण आलं की माणूस आधी शेवटची तारीख शोधतो. आमच्या मोठ्या काकांनी एका लग्नाला जायचं नाकारलं ते एवढ्याच कारणावरून. “आमाले स्टिकर चिपकवला,” ते म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून वाटलं की स्टिकर त्यांच्या कपाळालाच लावला असावा.

तर कॅलिग्राफर शोधणं आलं. भाऊजी आधी चितार ओळीत गेले. महालातली ती ओळ चिताऱ्यांची, मूर्तिकारांची. तिथल्या लोकांचा हात बसलेला असणार असा त्यांचा सरळ हिशेब. पण तिथे गणपतीचं काम सुरू झालेलं. एका कारागिरानं त्यांना मातीनं माखलेल्या हातानंच नमस्कार केला आणि सांगितलं, “भाऊ, डोळे काढायचे असले तर सांगा. नावं नाही काढत.” शेवटी कुणाच्या तरी ओळखीनं शासकीय चित्रकला महाविद्यालयातून नुकतीच पदवी घेतलेली एक मुलगी सापडली. ती आली, बसली, पाणी प्यायली आणि तिनं अटी सांगितल्या. यादी टाइप करून हवी. दर शंभराला दहा-पंधरा पाकिटं कोरी, जास्तीची हवीत. पाकिटाला लॅमिनेशन नको, त्यावर शाई बसत नाही. आणि दर पाकिटावर. पत्ता हवा असेल तर पत्त्याचे वेगळे.

दर ऐकून भाऊजींनी पत्रिका छापण्याचं बिल मागवून शेजारी ठेवलं. पत्रिकेपेक्षा पाकिटावरचं नाव महाग पडत होतं.

“बेटा, नाव छोटं असलं तर कमी होते का?”

“नाही काकाजी. अक्षरावर रेट नाही, पाकिटावर आहे.”

“म्हणजे उईके आणि बावनकुळे एकाच भावात?”

“हो.”

“हा उईक्यांवर अन्याय आहे,” भाऊजी म्हणाले. लगेच त्यांनी दुसरा डाव टाकला. एका घरात दोन भाऊ राहत असतील तर एकच पाकीट काढायचं. यावर ताईनं स्वयंपाकघरातून नुसतं पाहिलं. एका घरात राहणारे दोन भाऊ हेच तर दोन पाकिटांचं कारण असतं. वरच्या मजल्यावरच्याला खालच्याच्या पाकिटात घातलं, तर दोघंही येत नाहीत आणि गच्चीच्या वाटणीची जुनी केस पुन्हा उभी राहते.

मुलीनं नमुना म्हणून एक पाकीट लिहून दाखवलं. अच्युत पालव यांनी मोडीचं वळण देवनागरीत आणून मुक्तलिपी घडवली, तिची ही भक्त. रेषा वरून निघाली, पाकिटाच्या कडेपर्यंत गेली, वळून खाली आली, एका जागी जाड झाली आणि केसाएवढी बारीक होऊन संपली. देखणं काम होतं. भाऊजींनी ते लांब धरलं, जवळ धरलं.

“छान आहे. काय आहे हे?”

“देशमुख.”

“कुठून सुरू होते?”

शेवटी तडजोड झाली. नाव वाचता येईल असं, आणि ‘श्री.’ मात्र तिच्या मर्जीनं. तिच्या खोक्यात दोन तऱ्हेचे बोरू होते, एकाची छाट डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे. एक मराठीसाठी, दुसरा न्यू जर्सीकडच्या इंग्रजी पाकिटांसाठी. दोन्ही लिप्यांमध्ये जाड आणि बारीक रेषा उलट्या बाजूंनी पडतात. भाऊजींनी दोन्ही टोकं निरखली आणि पोरीच्या लग्नात पेनंसुद्धा दोन पक्षांची आहेत, असा शेरा मारून ते यादीकडे वळले.

यादी हा या प्रकरणातला सगळ्यात स्फोटक कागद. ती पुतण्यानं तयार केली होती. त्यानं भाऊजींच्या मोबाइलमधले सगळे नंबर एका झटक्यात एक्सेलमध्ये उतरवले, पुढे ‘श्री.’ चिकटवला आणि मागे ‘सहकुटुंब’. मुलीचा नियम साधा होता: यादीत आहे ते लिहायचं, विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर वाळत घातलेल्या पाकिटांत, मोत्यासारख्या अक्षरात, ‘श्री. सुनील एलआयसी, सहकुटुंब’ असं एक होतं. त्याच्या पलीकडे ‘श्री. बंडूभाऊ बेसा’. त्याच्या पलीकडे ‘श्री. शर्माजी गॅस’, आणि ‘गॅस’मधल्या ‘स’चा शेपटा तर पार पाकिटाच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला. भाऊजी पाकिटं फाडायला निघाले होते. ताईनं अडवलं. सुनील एलआयसीचं खरं आडनाव घरात कुणालाच माहीत नव्हतं. ते पाकीट तसंच गेलं, आणि त्या गृहस्थानं फोन करून सांगितलं की इतक्या सुंदर अक्षरात आपलं नाव आजवर कुणी लिहिलं नव्हतं.

मग बिरुदं. नागपूर १९५६ पर्यंत राजधानी होतं, आधी मध्य प्रांत-वऱ्हाडची, नंतर मध्य प्रदेशची. राजधानी गेली, हुद्दे मात्र इथेच राहिले. या शहरात माणूस निवृत्त होतो, पद निवृत्त होत नाही. ‘से.नि. कार्यकारी अभियंता’, ‘से.नि. उपसंचालक’, एका पाकिटावर तर ‘से.नि. अतिरिक्त प्रभारी’. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथेच असल्यामुळे ‘अॅड.’ तर दर तिसऱ्या पाकिटावर, आणि दरवर्षी हिवाळी अधिवेशन पाहून पाहून प्रत्येक घराच्या ओळखीत एखादे ‘माजी’ही असतातच. ‘माजी’ हा शब्द मूळ पदापेक्षा मोठ्या अक्षरात लिहायचा असतो, हे त्या मुलीला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

बायकांच्या नावांपुढे काय लिहायचं ते त्याहून नाजूक. ‘गं. भा.’ लिहायचं नाही यावर घरात एकमत होतं. २०२३ मध्ये विधवांच्या नावापुढे ते लावण्याचा प्रस्ताव सरकारी पातळीवरून निघाला तेव्हा केवढा गदारोळ उठला ते सगळ्यांना आठवत होतं. आत्याबाईंना ‘श्रीमती’ही नको होतं. “मी मुख्याध्यापिका होती,” त्या म्हणाल्या, “तेच लिही. नवरा होता की नाही ते वाचणाऱ्याले काय करायचं?” ते ऐकून मुलीनं पहिल्यांदा यादी बाजूला ठेवली आणि आत्याबाईंचं पाकीट सगळ्यात मोठ्या बोरूनं लिहिलं. ‘मुख्याध्यापिका’ एका ओळीत मावेना, तर तिनं आत्याबाईंचं नाव खाली नेलं. मला तो क्रम बरोबर वाटला.

पत्ते घालायचे की नाही यावर एक पूर्ण संध्याकाळ गेली. पत्रिका पोस्टानं जाणार नव्हत्याच. भाऊजी स्वतः अॅक्टिवावरून नेऊन देणार होते, आणि त्यांना सगळी घरं ठाऊक होती. मग पत्ता कुणासाठी? पण नुसतं नाव मोकळंमोकळं दिसतं, असं नणंदेचं म्हणणं पडलं. शिवाय मोठ्या काकांनी मुद्दा काढला की पत्ता नसला की लोक म्हणतात, आमचं घर विसरले. तेव्हा पत्ते आले, आणि पत्त्यांचे वेगळे पैसेही.

नागपूरचा पत्ता सुलेखनासाठी घडवलेलाच नाही. १९३६ च्या कायद्यानं नागपूर सुधार प्रन्यास आला आणि त्यानं शहरभर प्लॉट पाडले. तेव्हापासून इथला माणूस घरात राहत नाही, प्लॉट नंबरात आणि ले-आऊटमध्ये राहतो. जुन्या भागात गेलं तर आठवडा सुरू होतो. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी, त्यात पुन्हा जुनी शुक्रवारी आणि नवी शुक्रवारी. बाकीचे सगळे कशाच्या तरी मागे, बाजूला किंवा समोर. ‘भोले पेट्रोल पंपाजवळ’ हा मजकूर चंदेरी शाईत, हस्तिदंती कागदावर पाहिला की पंपालाही आपण कुणीतरी आहोत असं वाटावं. कळस झाला तो इतवारीतल्या एका जुन्या व्यापारी स्नेह्यांच्या पाकिटावर. त्यांचं दुकान नंगा पुतळा चौकात. नागपूरकर हे नाव इतक्या सहजपणे घेतात की रिक्षावाल्याला सांगताना कुणाची पापणीही हलत नाही. पण मुलीनं ते लिहिलं, आणि ‘नंगा पुतळा’तल्या ‘ळ’ला तिच्या हातून अशी काही डौलदार गिरकी बसली, की न्यू जर्सीत त्या पाकिटाचा फोटो पाहून नणंदेनं विचारलं, हे कुठल्या संस्थानिकांचं घराणं?

पिनकोड लिहू का, असं तिनं विचारलं तेव्हा भाऊजी हो म्हणाले. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली. ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी; ते आकडे चांगल्या हाताने लिहिले जावेत हे त्यांनाही पटलं असतं. पण अॅक्टिवाला पिनकोड लागत नाही. या पाकिटांवरचे सहा-सहा आकडे वाचणारा एकही पोस्टमन नव्हता.

पहिलं पाकीट रीतीप्रमाणे टेकडीच्या गणपतीचं. मुलगी यादीत न बघता म्हणाली, “काकाजी, इथे श्री लिहायचं की श्री श्री?”

“एकच लिही.”

“सहपरिवार?”

भाऊजी थबकले. “लिही ना. रिद्धी-सिद्धी आहेत.”

खरा शत्रू पुढे आला. लग्न मेअखेरचं, म्हणजे पाकिटं एप्रिल सरताना. नागपूरचं ऊन बाहेरच्यांना आम्ही अभिमानानं सांगतो: २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश नोंदलं गेलं, आणि २०२४ च्या मे अखेरीस तर एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले. यंत्रात बिघाड होता असं हवामान खात्यानं नंतर जाहीर केलं, पण शहरातल्या निम्म्या लोकांनी यंत्राचीच बाजू घेतली. या उन्हात शाई बोरूच्या टोकावरच वाळते. ‘श्री’ लिहून होईपर्यंत पुढच्या अक्षराची शाई संपलेली असते. म्हणून कूलर लावला. कूलर म्हणजे आमच्याकडे घरातला सगळ्यात मोठ्या आवाजाचा सदस्य. त्यानं पहिल्याच फुंकरीत बेसा, मानेवाडा आणि मनीषनगर खोलीभर उडवले. पाकिटांवर वाट्या ठेवल्या. मग कूलरच्या जाळीतून बारीक तुषार आले, आणि एका से.नि. उपसंचालकांचा ‘से.नि.’ पाकिटाच्या खालपर्यंत ओघळून आला. कूलर बंद केला तर मुलीच्या मनगटाच्या घामानं ‘सौ.’ पुसायला लागलं, आणि ‘सौ.’ पुसणं अपशकुन म्हणून आत्याबाई सोडून सगळ्या बायका ओरडल्या.

उपाय ताईनं काढला. कूलर शेजारच्या खोलीत आणि मधलं दार फटीएवढं उघडं. ते दार किती उघडं ठेवायचं हे ठरवायला काकांना बसवलं. काका तीन दिवस त्या दाराचा कडीकोयंडा धरून बसले आणि आपण पाकिटं लिहिली असं पुढे सगळ्यांना सांगत राहिले.

वाटप सुरू झालं तशा प्रतिक्रिया आल्या. खामल्यातल्या एका घरी पाकीट इतकं आवडलं की त्यांनी ते उघडलंच नाही, शोकेसमध्ये ठेवलं, आणि लग्नाच्या दिवशी दुपारी फोन करून विचारलं, लॉन कोणतं? एका वहिनींनी आपलं आणि जावेचं पाकीट शेजारीशेजारी ठेवून रेषांची जाडी पाहिली. जावेचा ‘सौ.’ ठळक होता. मुलीनं तो पेन नुकता शाईत बुडवला होता, एवढंच कारण, पण शाईचं कारण कुणी ऐकत नाही. त्या घराचा आहेर काय आला ते ताईनं कुणालाच सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा तिनं फक्त विषय बदलला.

शेवटच्या दिवशी मुलगी आपले बोरू धुवत होती. घरातल्यांना एकदम जाणवलं की तिला बोलवायचंच राहिलं. भाऊजी मोठ्या मनानं म्हणाले, “बेटा, तुझं पण एक लिहून घे आपल्या हातानं. सहपरिवार लिही, लाजू नको.” तिनं कोरं पाकीट घेतलं, स्वतःचं नाव लिहिलं, खाली प्लॉट नंबर, ले-आऊट, पिनकोड, सगळं. मग फोनवर बिल पाठवलं.

भाऊजींनी बिल दोनदा मोजलं. “यात एक पाकीट जास्त आहे.”

“काकाजी, ते माझं.”

“आणि पत्त्याचे वेगळे?”

“तुम्हीच म्हणाले ना, लाजू नको.”